पंजाबराव देशमुख आणि वऱ्हाडचे पाणी

कापसाच्या बाजारपेठेमुळे साऱ्या जगाला ठाऊक झालेला वऱ्हाड प्रांत पाण्याच्या बाबतीत मात्र कायम आभाळावर विसंबून राहिला. याच प्रांतातील अमरावती जिल्ह्यात, पापळ या लहानशा गावी, २७ डिसेंबर १८९८ रोजी एका शेतकरी कुटुंबात पंजाबराव देशमुख यांचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ वऱ्हाडावर कोसळला. अवघ्या तीन वर्षांपूर्वीच्या दुष्काळातून जेमतेम सावरलेल्या गावांची या दुसऱ्या आघाताने दैना झाली. जुन्या पिढीच्या बोलण्यात तो ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणून दीर्घकाळ राहिला. पुढे दहा वर्षे देशाच्या कृषी खात्याची धुरा वाहणारा हा मुलगा त्या वेळी रांगत होता.

ऑक्सफर्डचे डॉक्टर, बॅरिस्टर, शिक्षणमहर्षी, संविधान सभेचे सदस्य, केंद्रीय मंत्री अशा अनेक नात्यांनी भाऊसाहेब महाराष्ट्राला परिचित आहेत. अमरावतीत त्यांनी उभारलेल्या शिक्षणसंस्थेचा विस्तार आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला दिलेले त्यांचे नाव यांमुळे ते विस्मरणात जाण्याचा प्रश्नच नाही. तथापि कोरडवाहू शेतीच्या, म्हणजेच पर्यायाने पाण्याच्या प्रश्नाशी त्यांचे आयुष्य किती घट्ट बांधलेले होते, याची चर्चा तुलनेने कमी होते. त्यांच्या निधनाला साठ वर्षे उलटून गेल्यावर, आणि वऱ्हाडातील सिंचनाचा अनुशेष हा आजही राजकारणाचा विषय असताना, या अंगाने त्यांचे चरित्र पुन्हा पाहणे उद्बोधक ठरेल.

काळी माती, कोरडी शेती

पंजाबराव ज्या मुलखात वाढले त्याची रचना समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कार्याचे मर्म कळत नाही. उत्तरेला सातपुड्याच्या गाविलगडच्या रांगा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये पूर्णा नदीचे सपाट खोरे. या सखल भागाला जुन्या काळी पयानघाट म्हणत. पूर्णा बैतूलच्या बाजूने उगम पावून अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहते आणि पुढे तापीला मिळते. अमरावतीचा पूर्व भाग मात्र वर्धा नदीच्या खोऱ्यात येतो. पाऊस साधारण सातशे ते साडेआठशे मिलिमीटर. हा आकडा वरकरणी वाईट नाही; पण तो चार महिन्यांत, मोजक्या दिवसांत आणि मधूनमधून लांब खंड देऊन पडतो. पऱ्हाटीला बोंडे धरण्याच्या वेळी किंवा तूर फुलोऱ्यावर असताना जमिनीत ओल नसली की वर्षाचे श्रम वाया जातात.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाला सोन्याचा भाव आला. पाठोपाठ रेल्वे आली. अमरावती, अकोला, खामगाव या कापसाच्या मोठ्या पेठा झाल्या, सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. वऱ्हाडचा शेतकरी पैशाच्या पिकाकडे वळला. पण पाण्याची सोय झाली नाही. पश्चिम महाराष्ट्रात नीरा, गोदावरी, प्रवरा यांवर कालवे निघाले. मध्य प्रांतात जे कालवे आणि तलाव बांधले गेले ते प्रामुख्याने पूर्वेकडच्या भात पिकवणाऱ्या जिल्ह्यांत. वऱ्हाडच्या वाट्याला मोठा कालवा आलाच नाही. काळी भारी जमीन ओल धरून ठेवते, तिला कालव्याच्या पाण्याची फारशी गरज नाही, अशी त्या काळच्या अधिकाऱ्यांची धारणा होती. ओलीत होते ते विहिरींवर, मोटेने. अंजनगावचे पानमळे किंवा मोर्शी-वरूडकडच्या संत्र्याच्या बागा यांसारख्या मर्यादित क्षेत्रात. बाकी सारी शेती कोरडवाहू.

पूर्णेच्या खोऱ्यात तर आणखी एक संकट होते. तेथील मोठ्या पट्ट्यात भूगर्भातील पाणीच खारे आहे. विहीर खोदावी तर पाणी लागते, पण ते पिकाला चालत नाही आणि माणसालाही पिववत नाही. एकेकाळी या भागातील विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जात असे, यावरून क्षारतेची कल्पना यावी. हाच तो खारपाणपट्टा. इतरत्र शेतकऱ्याला कर्ज काढून विहीर खणण्याचा मार्ग तरी होता. खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याला तोही नव्हता.

पापळ ते ऑक्सफर्ड

पंजाबरावांचे वडील शामराव आणि आई राधाबाई. प्राथमिक शिक्षण पापळला झाले. पुढच्या इयत्तांसाठी चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती असा प्रवास करावा लागला, कारण शेतकऱ्याच्या मुलाला घराजवळ शिकण्याची सोय नव्हती. अमरावतीच्या हिंदू हायस्कूलमधून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि तेथून १९२० मध्ये इंग्लंडला. त्यांच्या परदेशी शिक्षणाचा खर्च कर्जाच्या आधाराने उभा राहिला. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घरात पैसा उभारण्याचा मार्ग सावकाराच्या दारावरूनच जातो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

एडिंबरो विद्यापीठातून संस्कृतची एम.ए., ऑक्सफर्डमधून वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगम आणि विकासावरील प्रबंधासाठी डॉक्टरेट, शिवाय बॅरिस्टरची पदवी, असे संपादन करून १९२६ मध्ये ते परतले. हा प्रबंध १९३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. इतक्या विद्वत्तेच्या माणसाला मुंबईत वा नागपुरात वकिलीत सहज बस्तान बसवता आले असते. त्यांनी अमरावती निवडली. सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना एकत्र राहता यावे म्हणून श्रद्धानंद छात्रालय सुरू केले, शेतकऱ्यांचे संघटन उभारण्यास हात घातला आणि १९२७ मध्ये विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. विमलाबाई पुढे स्वतःही सार्वजनिक जीवनात अग्रभागी राहिल्या.

पहिला प्रश्न : विहीर कोणाची?

पाण्याच्या प्रश्नाला पंजाबराव प्रथम भिडले ते अभियंता किंवा कृषितज्ज्ञ म्हणून नव्हे, तर समाजसुधारक म्हणून. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी चळवळ सुरू झाली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीत परिषदेसाठी आले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षीच्या मार्चमध्ये झालेला होता आणि सार्वजनिक पाणवठ्यावर सर्वांचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रात धगधगत होता. पंजाबराव या चळवळीच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. स्वतःच्या समाजातील अनेकांचा रोष त्यांनी त्यासाठी पत्करला.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. हाती सत्ता येताच त्यांनी जिल्ह्यातील सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या करण्याचा निर्णय घेतला आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याकडे लक्ष दिले. ज्या मुलखात उन्हाळ्यात गावची एकच विहीर जिवंत राहते, तेथे त्या विहिरीवर जाण्यास मज्जाव असणे म्हणजे काय, हे शहरी वाचकाला आज सहज कळणार नाही. पाणी किती आहे याआधी ते कोणाला मिळते, हा प्रश्न येतो. आणि या प्रश्नाला पंजाबरावांनी वयाच्या तिशीत हात घातला. पुढे सिंचनाच्या योजनांवर वाद झडले तेव्हाही शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी जाते का, हाच मुद्दा कळीचा ठरला.

दुसरा प्रश्न : कर्ज

१९३० मध्ये पंजाबराव मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलवर निवडून आले आणि मंत्री झाले. शिक्षण आणि कृषी ही खाती त्यांच्याकडे होती. तो काळ जागतिक मंदीचा होता. कापसाचे भाव कोसळले होते आणि तेजीच्या दिवसांत काढलेली कर्जे शेतकऱ्याच्या मानगुटीवर बसली होती. कोरडवाहू शेतीत कर्ज हा अपघात नसून तो व्यवस्थेचाच भाग असतो. बियाण्याला, बैलाला, निंदणाला पैसा आधी लागतो. उत्पन्न पावसाच्या मर्जीवर. एक खंड पडला की कर्ज वाढते, दोन खंड पडले की जमीन जाते. जमीन गेली की मग विहीर, बांध, ताल यांसारख्या कामात पैसा घालणार कोण?

या पार्श्वभूमीवर १९३३ चा कर्ज लवाद कायदा महत्त्वाचा ठरतो. धनको आणि ऋणको यांना समोरासमोर बसवून कर्जाची रक्कम तडजोडीने ठरवणारी मंडळे या कायद्याने स्थापन झाली. हिंदुस्थानातील या प्रकारच्या आरंभीच्या कायद्यांत त्याची गणना होते आणि नंतर अन्य प्रांतांनीही तोच मार्ग धरला. पंजाबरावांनी या कायद्यासाठी घेतलेल्या परिश्रमांमुळे वऱ्हाडातील असंख्य शेतकऱ्यांच्या जमिनी वाचल्या, असे मानले जाते. कायद्यात त्रुटी नव्हत्या असे नाही. तडजोड झाली तरी नवे कर्ज कोठून आणायचे, हा प्रश्न उरलाच. कारण सावकाराने हात आखडता घेतल्यावर त्याची जागा घेईल अशी सहकारी पतव्यवस्था तेव्हा दुबळी होती. तरीही शेतकऱ्याची जमीन त्याच्याकडे टिकली पाहिजे, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आले.

मंत्रिपद १९३३ मध्ये सुटले. १९३० च्या दशकाच्या प्रारंभीच स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेसाठी त्यांनी गावोगाव फिरून पैसा आणि धान्य गोळा केले. शेतकऱ्यांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या या संस्थेच्या शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहे पुढे वऱ्हाडभर पसरली. शेतीचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारे कृषी महाविद्यालयही तिच्या परिवारात आले. कोरडवाहू शेतीत सुधारणा व्हायची तर ती करणारा माणूस आधी शिकलेला असला पाहिजे, हा या खटाटोपामागचा विचार होता.

दिल्लीतील दहा वर्षे

संविधान सभेचे सदस्य म्हणून काम केल्यानंतर १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पंजाबराव अमरावतीतून लोकसभेवर निवडून गेले. १९५७ आणि १९६२ मध्येही अमरावतीने त्यांनाच कौल दिला. १९५२ ते १९६२ अशी सलग दहा वर्षे केंद्रातील कृषी खात्याची जबाबदारी त्यांनी सांभाळली. दुसऱ्या कार्यकाळात सहकाराचाही भार त्यांच्याकडे होता.

देशाला त्या वेळी धान्याची चिंता होती. फाळणीत पंजाब आणि सिंधमधील कालव्यांखालचा सुपीक प्रदेश पाकिस्तानात गेला होता. उरलेल्या भारतात बहुतांश शेती पावसावरची. १९५३ मध्ये भातलागवडीच्या जपानी पद्धतीचा देशभर प्रसार करण्याची मोहीम हाती घेण्यात आली. पंजाबरावांचे नाव प्रामुख्याने या मोहिमेशी जोडले जाते. निवडक बियाणे, चांगली रोपवाटिका, ओळीत लावणी आणि खताचा काटेकोर वापर यांतून त्याच जमिनीत अधिक उत्पन्न काढण्याचा तो प्रयत्न होता.

कोरडवाहू मुलखाच्या दृष्टीने मात्र याच काळातील काही कमी गाजलेली कामे अधिक मोलाची होती. १९५३ मध्ये केंद्रीय मृद्संधारण मंडळ स्थापन झाले. पुढच्या वर्षी देशाच्या वेगवेगळ्या भागांत माती आणि पाणी धरून ठेवण्याचा अभ्यास करणारी केंद्रे सुरू झाली. त्यांतील बेल्लारीचे केंद्र काळ्या जमिनीसाठी होते. म्हणजे वऱ्हाडसारख्याच मातीसाठी. भूगर्भातील पाण्याचा शोध घेऊन कूपनलिका खोदणारी केंद्रीय यंत्रणाही १९५४ मध्ये अन्न व कृषी मंत्रालयाखाली उभी राहिली. १९७० मध्ये तिचेच केंद्रीय भूजल मंडळ झाले. राजस्थानातील जोधपूर येथे शुष्क प्रदेशाच्या संशोधनाचे काम १९५२ मध्ये सुरू झाले आणि १९५९ मध्ये त्याला मध्यवर्ती संस्थेचे रूप आले. या सर्वांचे श्रेय एका व्यक्तीला देणे योग्य होणार नाही. पंजाबरावांबरोबर, आणि दर्जाने त्यांच्याहून वरच्या स्थानी, रफी अहमद किडवाई, अजितप्रसाद जैन, स. का. पाटील असे अन्न व कृषिमंत्री या काळात होऊन गेले. परंतु कोरडवाहू पार्श्वभूमी असलेला, स्वतः शेतकऱ्याच्या घरातून आलेला मंत्री या खात्यात सलग दहा वर्षे होता, ही गोष्ट लक्षात घ्यावीच लागते.

शेतकऱ्यांची देशव्यापी बिगरराजकीय संघटना असावी या हेतूने त्यांनी १९५५ मध्ये भारत कृषक समाजाची स्थापना केली. याच संस्थेच्या पुढाकाराने १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. अनेक देशांची दालने तेथे होती आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर डिसेंबर १९५९ मध्ये त्याला उपस्थित राहिले. खेड्यापाड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांनी पंप, ट्रॅक्टर, तुषार सिंचनाची साधने, सुधारित अवजारे जवळून पाहिली. त्यांतील फार थोडी त्या काळी त्यांच्या आवाक्यात होती. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेतकरी बदलत नाही, हे भाऊसाहेबांना माहीत होते.

मंत्री असूनही वऱ्हाड कोरडा का?

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. अमरावतीचा खासदार दहा वर्षे केंद्रात शेतीचे खाते सांभाळत असताना अमरावती-अकोल्याला पाणी का मिळाले नाही? हा प्रश्न वऱ्हाडात वेळोवेळी विचारला गेला आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही.

त्याचे पहिले उत्तर राज्यकारभाराच्या रचनेत आहे. राज्यघटनेनुसार सिंचन हा मूलतः राज्यांचा विषय. केंद्रातही मोठी धरणे आणि कालवे कृषी मंत्रालयाकडे नव्हे, तर पाटबंधारे व वीज मंत्रालयाकडे होते. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात ते गुलझारीलाल नंदा यांच्या हाती होते. कृषी खात्याच्या कक्षेत लहान पाटबंधारे, विहिरी, कूपनलिका आणि मृद्संधारण एवढेच येत असे. दुसरे उत्तर प्रदेशाच्या राजकीय नशिबात आहे. वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. धरणाचा आराखडा, सर्वेक्षण, मंजुरी आणि बांधकाम यांना दशके लागतात. राज्यच दोनदा बदलले तेथे नकाशे नव्या कार्यालयांच्या कपाटांत जाऊन पडले तर नवल नव्हे.

तिसरे उत्तर अधिक कठोर आहे. त्या पिढीच्या बहुतेक नेत्यांप्रमाणे पंजाबरावांनीही शेतकऱ्याची जमीन, त्याचे कर्ज, त्याचे शिक्षण आणि त्याची संघटना यांवर भर दिला. पूर्णा खोऱ्याच्या पाण्याचा स्वतंत्र, दीर्घकालीन आराखडा त्यांच्या हयातीत उभा राहिला नाही. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारीभोवती कालव्याच्या पाण्याची मागणी करणारा संघटित शेतकरी वर्ग तयार झाला, तसा वर्ग कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात तयार झाला नाही. ज्यांच्या शेतात पाणी आहे तेच अधिक पाण्यासाठी जोर लावू शकतात. पाणी नसलेल्यांची मागणी सरकारदरबारी क्षीणच राहिली. ही उणीव एकट्या भाऊसाहेबांची नाही, परंतु त्यांच्या काळाच्या ताळेबंदात ती मांडावी लागेल.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय सहासष्ट. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षीही देशात पावसाने मोठी ओढ दिली, परदेशी गव्हावर अवलंबून राहण्याची वेळ आली आणि त्यातून हरितक्रांतीला वेग आला. ती क्रांती मुख्यतः ओलिताखालच्या गव्हा-भाताच्या प्रदेशात झाली. वऱ्हाडचा कोरडवाहू शेतकरी तिच्या कडेलाच राहिला.

अकोल्याचे विद्यापीठ

२० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव देण्यात आले. त्यांच्या हयातीत जे काम अपुरे राहिले त्याचा शास्त्रीय पाया येथे घातला गेला. अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्पाचे एक केंद्र अकोल्यात आहे. पडणारा पाऊस जेथे पडतो तेथेच मुरवणे, उताराला आडवी पेरणी आणि मशागत, पिकाच्या ओळींमध्ये ठरावीक अंतरावर सऱ्या काढणे, सोयाबीनसाठी रुंद वरंबा आणि सरी, कमी काळात येणारी वाणे, कापूस-तूर-मूग यांची आंतरपिके या पद्धतींवर वऱ्हाडच्या मातीत प्रयोग झाले. त्यांचे सूत्र साधे आहे. जास्त पाऊस झाला तर सरीतून पाणी निघून जाते; खंड पडला तर त्याच सरीत मुरलेली ओल पिकाला आठ-पंधरा दिवस तगवते.

खारपाणपट्ट्याचा उलगडाही याच संशोधनातून झाला. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे पावणेपाच लाख हेक्टरांवर हा पट्टा पसरलेला आहे. येथील चिकण माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातील छिद्रे बंद होतात. त्यामुळे पाणी खाली मुरत नाही, निचरा होत नाही आणि पावसाळ्यात शेत चिबडते. मातीत सोडियमचे प्रमाण अधिक. खाली खारे पाणी. अशा जमिनीला विहिरीचे खारे पाणी दिले तर ती आणखी चोपण होते. तेव्हा येथे गोड पाण्याचा एकच भरवशाचा स्रोत उरतो आणि तो म्हणजे पावसाचे पाणी. मातीचा जो गुण पिकाला मारक, तोच शेततळ्याला उपकारक ठरतो. अन्यत्र शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालावे लागते. खारपाणपट्ट्यात पाणी फारसे झिरपतच नाही, म्हणून बहुधा अस्तराविना काम भागते. पावसाळ्यात भरलेल्या तळ्यातून ऐन फुलोऱ्यात एक-दोन संरक्षित पाणी कपाशी, तूर किंवा हरभऱ्याला मिळाले, तेही तुषार संचाने जपून दिले, तर पीक हातचे जात नाही.

धरणे आली, अनुशेष राहिला

पंजाबरावांनंतरच्या दशकांत अमरावती-अकोल्यात धरणे झालीच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वर्धा नदीवर मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा प्रकल्प उभा राहिला. अकोल्याला महानजवळचे काटेपूर्णा, तेल्हाऱ्याकडे वान, अंजनगावकडे शहानूर असे प्रकल्प झाले. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांचे पाणी गोड असल्याने वान आणि शहानूरचे महत्त्व खारपाणपट्ट्याला पिण्यासाठीही मोठे आहे. पण शहरांची आणि उद्योगांची तहान वाढली तशी शेतीच्या वाट्याची कपात झाली. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी न पोहोचण्याची तक्रारही कायम आहे. मोर्शी-वरूड भागात संत्र्यासाठी विहिरी आणि कूपनलिकांतून इतका उपसा झाला की भूजल खोल गेले आणि उन्हाळ्यात बागा वाळू लागल्या.

१९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्यातील विभागीय असमतोल मोजला, तेव्हा विदर्भाचा सिंचनातील अनुशेष आकड्यांत समोर आला. पुढे वैधानिक विकास मंडळे आली, १९९७ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी वऱ्हाड हादरला, तेव्हा २००६ मध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्याचा मोठा हिस्सा रखडलेल्या सिंचन प्रकल्पांसाठी होता. २०१२ मध्ये या प्रकल्पांच्या वाढत्या खर्चावरून राज्यात वादळ उठले आणि चौकश्या लागल्या. अमरावती विभागाचा अनुशेष त्यानंतरही दीर्घकाळ रेंगाळला. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साह्याने राबवण्यात आलेल्या कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातील ९३२ खारपाण गावांचा समावेश झाला, तर २०२४ मध्ये वैनगंगेचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटरच्या कालव्याने बुलढाण्यातील नळगंगेपर्यंत आणण्याच्या योजनेला राज्य सरकारने मान्यता दिली. वैनगंगेचे पाणी वऱ्हाडात पोहोचायला किती वर्षे लागतील, हे त्यावर होणारा खर्च आणि भूसंपादन यांवर ठरेल.

तोवर शेताच्या बांधावर करता येण्यासारखे काम थांबण्याचे कारण नाही. सर्व धरणे पूर्ण झाली तरी वऱ्हाडातील मोठे क्षेत्र पावसावरच राहणार आहे. तेथे सरी, शेततळे आणि जपून वापरलेले एक पाणी यांचाच आधार आहे. त्यासाठी शेतकऱ्याकडे जमीन टिकावी लागते, हातात वेळेवर पतपुरवठा लागतो, शास्त्र समजून घेण्यापुरते शिक्षण लागते आणि गावच्या पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क मानावा लागतो. सार्वजनिक विहिरी खुल्या करण्यापासून कर्ज लवाद कायद्यापर्यंत आणि शाळांपासून कृषक समाजापर्यंत पंजाबरावांनी आयुष्यभर याच चार गोष्टींसाठी धडपड केली. धरणाचा दगड त्यांच्या नावावर नसेल. परंतु धरणातून किंवा तळ्यातून आलेले पाणी सामान्य शेतकऱ्याच्या पिकापर्यंत पोहोचायला जी व्यवस्था लागते, तिची पायाभरणी त्यांनी केली.

दरवर्षी २७ डिसेंबरला अमरावती आणि अकोल्यात भाऊसाहेबांच्या पुतळ्यांना हार घातले जातात, व्याख्याने होतात. त्याच सुमारास कोरडवाहू शेतांत कापसाची वेचणी चाललेली असते आणि तूर काढणीला येत असते. खंडाच्या वर्षी मात्र पऱ्हाटी वेळेआधीच वाळून गेलेली दिसते. रखडलेले कालवे शेवटच्या शेतापर्यंत नेणे आणि अकोल्याच्या विद्यापीठात सिद्ध झालेले जलसंधारणाचे तंत्र खारपाणपट्ट्यातील प्रत्येक गावात पोहोचवणे, ही पापळच्या या सुपुत्राला वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.